शटर खाली, आत दिवा चालू: ईमेल प्रोग्रॅम नीट बंद का होत नाही?

आजचा विषय ऐकून तुमच्यातले काही जण म्हणतील, "ताई, आम्ही मेल फोनवर बघतो. हे कॉम्प्युटरचं पुराण आम्हाला कशाला?" थांबा जरा. पहिली नोकरी लागते, टेबलावर एक कॉम्प्युटर मिळतो आणि त्यात मेलचा प्रोग्रॅम आधीच टाकलेला असतो. किंवा घरी बाबांचा, काकांचा धंदा असतो आणि "तुला कळतं ना त्यातलं, बघ जरा" असं म्हणून तुम्हालाच खुर्चीवर बसवतात. तेव्हा हा एपिसोड कामाला येईल. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी तो इथे लिहून देते आहे.

तक्रार नेहमी साधारण अशीच असते. संध्याकाळी कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केलं, खिडकी गेली. थोड्या वेळाने परत उघडायला गेलो, तर प्रोग्रॅम उघडतच नाही. किंवा "हा प्रोग्रॅम आधीच चालू आहे, पण प्रतिसाद देत नाही" असा निरोप येतो. समोर तर काहीच दिसत नाही, मग चालू काय आहे? कधी कॉम्प्युटर बंद करायला जावं, तर तो म्हणतो की एक प्रोग्रॅम अजून बंद व्हायचाय, थांबा.

फोनवर बंद करणं आणि कॉम्प्युटरवर बंद करणं

फोनवर आपण ॲप बोटाने वर सरकवतो आणि विसरून जातो. ते ॲप मेमरीत ठेवायचं की काढून टाकायचं, हे बहुतेक वेळा फोनची सिस्टिम ठरवते. तुमची मेलही सहसा सर्व्हरवरच असते. फोनमध्ये असते ती तिची प्रत. ॲप मध्येच मेलं तरी फारसं बिघडत नाही.

कॉम्प्युटरवर दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिका. एक खिडकी, जी डोळ्यांना दिसते. दुसरी प्रोसेस, म्हणजे आत चाललेलं प्रत्यक्ष काम. फुलीवर क्लिक केलं की खिडकी लगेच जाते, पण प्रोसेस आपलं काम आवरूनच जाते. आपल्या गावातल्या किराणा दुकानासारखं समजा. रात्री नऊला शटर अर्धं खाली येतं, गिऱ्हाईक बंद होतं, पण आत गल्ला मोजणं आणि रोजमेळ लिहिणं चालू असतं. हिशोब लागला की मालक दिवा घालवून कुलूप लावतात. बाहेरच्याला वाटतं दुकान बंद झालं, पण आतलं काम अजून व्हायचं असतं.

आपली अडचण असते ती हा हिशोब कुठेतरी अडकतो तेव्हा.

बंद होताना आत काय काय चालतं?

मेलचा प्रोग्रॅम बंद होताना बरीच कामं उरकतो. आउटबॉक्समध्ये मेल असेल तर ती पाठवण्याचा प्रयत्न चालू असू शकतो. सर्व्हरशी जोडलेलं असेल तर रीतसर निरोप घ्यायचा असतो. "बंद करताना कचरापेटी रिकामी कर" असं सेटिंग असेल तर ते काम करायचं असतं. कुठल्या फोल्डरमध्ये किती मेल आहेत, कुठल्या वाचल्या, याची सूची डिस्कवर लिहायची असते. आणि अगदी शेवटी कुलूप काढायचं असतं.

यातला सर्व्हरचा निरोप महत्त्वाचा आहे. मेल उतरवण्याच्या दोन जुन्या पद्धती आहेत, पॉप आणि आयमॅप. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवर राहते आणि तुम्ही ती तिथेच बघता. पॉपमध्ये मेल कॉम्प्युटरवर उतरवली जाते आणि नेहमीच्या मांडणीत सर्व्हरवरून काढून टाकली जाते.

पॉपचा नियम १९९६ सालच्या आरएफसी १९३९ या दस्तऐवजात लिहिलेला आहे आणि तो फार शहाणपणाचा आहे. प्रोग्रॅमने "ही मेल पुसून टाक" असं सांगितलं तरी सर्व्हर ती लगेच पुसत नाही, फक्त खूण करून ठेवतो. प्रोग्रॅमने शेवटी "क्विट", म्हणजे "येतो आता", असं म्हटलं की मगच पुसतो. निरोप न घेता मध्येच जोडणी तुटली, तर सर्व्हर काहीही पुसत नाही. म्हणजे गडबड झाली तर मेल हरवण्यापेक्षा दोनदा आलेली बरी, असा विचार त्यामागे आहे. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

ते कुलूप म्हणजे काय?

उदाहरणासाठी मी थंडरबर्ड घेते. तो फुकट मिळतो, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो, आणि त्याची पहिली पक्की आवृत्ती २००४ च्या डिसेंबरमध्ये आली, म्हणजे चांगला मुरलेला आहे. तुम्ही अँड्रॉइडवाले असाल तर २०२४ च्या ऑक्टोबरपासून तो फोनवरही आहे. पूर्वीच्या के-नाइन मेल या ॲपवरच तो उभा आहे.

थंडरबर्ड तुमच्या मेल, पत्ते आणि सेटिंग्ज एका फोल्डरमध्ये ठेवतो. त्याला प्रोफाइल म्हणतात. प्रोग्रॅम उघडला की तो या फोल्डरवर कुलूप लावतो. त्यासाठी तिथे एक छोटी फाइल असते. विंडोजवर तिचं नाव पॅरेंट डॉट लॉक. मॅक आणि लिनक्सवर डॉट पॅरेंटलॉक, आणि लिनक्सवर शिवाय नुसती लॉक नावाची आणखी एक. अर्थ एकच: "आत कोणीतरी काम करतंय, दुसऱ्याने यायचं नाही."

हे का हवं? समजा एकाच चोपडीत दोन मुनीम एकाच वेळी लिहायला बसले. एकाने पान उलटलं, दुसऱ्याने तिथेच आकडा टाकला. हिशोबाचं काय होईल? म्हणून "आधीच चालू आहे" हा निरोप त्रास देण्यासाठी नसतो. तुमच्या मेलचं रक्षण करायला तो तिथे असतो. आधीची प्रोसेस जिवंत असताना ही फाइल काढू नका. नेटवर "ती फाइल डिलीट करा" एवढा एका ओळीचा सल्ला मिळतो. त्यातली आधीची अट कोणी सांगत नाही: आधी प्रोसेस खरंच संपली आहे ना, हे बघा.

इचलकरंजीची व्हॉइस नोट

मागच्या महिन्यात इचलकरंजीहून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. बाबांचा सुताचा व्यापार. सगळे भाव, ऑर्डरी, बिलं मेलवर. खातं पॉपचं, म्हणजे कित्येक वर्षांचा व्यवहार फक्त त्या एका कॉम्प्युटरवर, सर्व्हरवर काहीच नाही. प्रोग्रॅम कुठला ते सोडून देऊ. रोज संध्याकाळी तो बंद होत नसे, आणि बाबा सरळ बटण दाबून वीज तोडत. रोज. वर सकाळी तक्रार, "काल आलेल्या मेल आज परत आल्या."

मुलाचा प्रश्न होता, "मॅम, काढून टाकून परत इन्स्टॉल करू का?"

मी त्याला पहिलं वाक्य हेच लिहिलं की आज कशालाही हात लावायच्या आधी बॅकअप. कारण इथे नुसता प्रोग्रॅम पणाला लागलेला नव्हता. त्या डिस्कवर लिहिणं चालू असताना रोज वीज जात होती. एक दिवस सूचीच्या ऐवजी मेलची मूळ फाइलच अर्धवट लिहिली गेली असती, तर कोणाकडे किती येणं आहे याचा पुरावाच गेला असता.

त्याचं पुढे काय झालं ते सांगते, पण आधी पायऱ्या बघू.

पायरी पहिली: मुळात तो बंद व्हायला हवा आहे का?

काही वेळा बिघाड नसतोच. विंडोजवर खाली उजव्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी छोटे आयकॉन असतात. तिथला बाण दाबून बघा. काही मेल प्रोग्रॅम खिडकी लहान केली की तिथे जाऊन बसतात आणि नवी मेल आली की सांगतात. थंडरबर्ड आणि आउटलुक दोघांतही असं सेटिंग आहे.

मॅकवर तर पद्धतच वेगळी. लाल गोलावर क्लिक केलं की फक्त खिडकी जाते, ॲप चालूच राहतं. खाली डॉकमध्ये आयकॉनखाली ठिपका दिसला तर समजा ते जागं आहे. पूर्ण बंद करायला कमांड आणि क्यू.

पायरी दुसरी: थांबा आणि बघा

दोन ते पाच मिनिटं द्या. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात मेल प्रोग्रॅम शोधा आणि त्याच्या समोरचे सीपीयू आणि डिस्कचे आकडे बघा. आकडे हलत असतील तर तो काम करतोय, करू द्या. विंडोज "प्रतिसाद देत नाही" असं म्हणतं त्याने घाबरू नका. खिडकीने साधारण ५ सेकंद काही उत्तर दिलं नाही की तो शिक्का बसतो. मोठं काम चालू असलं तरी तसं दिसू शकतं.

आकडे शून्यावर अडकले असतील तर तो बहुधा कोणाची तरी वाट बघतोय, आणि तो कोणीतरी बऱ्याचदा सर्व्हर असतो. इथे एक सोपा उपाय करून बघा. वाय-फाय बंद करा किंवा इंटरनेटची वायर काढा. येणार नसलेल्या उत्तराची वाट बघणारा प्रोग्रॅम जोडणी तुटली की अनेकदा स्वतःच सुटतो आणि बाकीचं आवरून नीट बंद होतो. मेल अर्धवट जात असेल तर ती आउटबॉक्समध्ये राहील. पुढच्या वेळी उघडल्यावर ते बघून घ्या. नोकरीचा अर्ज असेल तर पाठवलेल्या मेलच्या फोल्डरमध्येही डोकावा. "पाठवलं होतं" असं वाटणं आणि खरंच गेलेलं असणं, यात अशाच वेळी फरक पडतो.

पायरी तिसरी: आधी विनंती, मग जबरदस्ती

तरी हलत नसेल तर प्रोसेस संपवावी लागेल. विंडोजवर टास्क मॅनेजरमध्ये प्रोग्रॅम निवडून एंड टास्क. मॅकवर ऑप्शन, कमांड आणि एस्केप दाबलं की फोर्स क्विटची यादी येते. लिनक्सवर किल ही आज्ञा. पण सुरुवातीलाच तिला नऊ आकडा जोडू नका. साधी किल म्हणजे "आवरा आणि निघा" अशी विनंती असते, प्रोग्रॅमला आवरायची संधी मिळते. नऊ आकड्याची किल प्रोग्रॅमपर्यंत पोचतच नाही. सिस्टिम त्याला सरळ उचलून बाहेर टाकते.

प्रोसेस संपली, यादीत नाव उरलं नाही, तरीही "आधीच चालू आहे" असंच येत असेल, तर आता आणि आताच त्या कुलपाच्या फाइलकडे वळा. विंडोजवर विंडोज आणि आर दाबून इंग्रजीत ॲपडेटा लिहा, आधी आणि नंतर टक्क्याचं चिन्ह द्या. उघडलेल्या फोल्डरमध्ये थंडरबर्ड, त्यात प्रोफाइल्स. तिथे तुमच्या प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये पॅरेंट डॉट लॉक दिसेल ती काढा. विंडोज ती काढू देत नसेल तर कोणीतरी अजून ती धरून बसलंय. त्या वेळी कॉम्प्युटर रीतसर रीस्टार्ट केलेला बरा.

पायरी चौथी: बॅकअप

प्रोग्रॅम पूर्ण बंद असताना सगळा प्रोफाइल फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. बंद असतानाच, कारण चालू असताना केलेली प्रत अर्धवट असू शकते. पेन ड्राइव्हवर करणार असाल तर एक गोष्ट बघा: जुन्या पेन ड्राइव्हचं फॉरमॅट फॅट ३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही. इनबॉक्सची फाइल त्याहून मोठी असू शकते. तेव्हा एक्सफॅट किंवा एनटीएफएस केलेला ड्राइव्ह घ्या.

रोजचंच झालं असेल तर कारण शोधा

एखाद्या दिवशी अडकला तर सोडून द्या. रोज अडकत असेल तर मुळाशी जा. एका वेळी एकच बदल करा आणि दोन दिवस बघा. सगळं एकदम बदललं तर गुण कशाने आला ते कधीच कळत नाही.

सर्वात आधी ॲड-ऑन. शिफ्ट दाबून थंडरबर्ड उघडला, मॅकवर ऑप्शन दाबून, तर ट्रबलशूट मोड येतो. त्यात ॲड-ऑन बंद असतात. या मोडमध्ये नीट बंद झाला, तर दोष एखाद्या ॲड-ऑनचा. एकेक चालू करत जा, सापडेल. जुन्या, म्हणजे क्लासिक आउटलुकलाही असाच सेफ मोड आहे. तिथे फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स या वाटेने एकेक ॲड-इन बंद करता येतं.

दुसरं, अँटिव्हायरस. थंडरबर्ड नेहमीच्या मांडणीत एका फोल्डरच्या सगळ्या मेल एकाच लांबलचक फाइलमध्ये ठेवतो, त्या प्रकाराला एमबॉक्स म्हणतात. त्यात एक मेल वाढली तरी अँटिव्हायरसच्या दृष्टीने सगळी फाइल बदलली, आणि तो ती पुन्हा तपासायला घेऊ शकतो. तेवढा वेळ प्रोग्रॅम ताटकळतो. अँटिव्हायरस बंद करू नका. फक्त प्रोफाइल फोल्डर त्याच्या तपासणीतून वगळा. मेलमधली फाइल उघडताना किंवा वेगळी साठवताना तिची तपासणी तरीही होते.

तिसरं, न आवरलेले फोल्डर. एमबॉक्समध्ये मेल डिलीट केली तरी ती फाइलमधून लगेच जात नाही, फक्त "पुसलेली" अशी खूण होते. जागा तशीच अडते. खरी सफाई कॉम्पॅक्ट केल्यावर होते. फाइल मेनूत कॉम्पॅक्ट फोल्डर्स आहे. हे करताना नवी फाइल लिहिली जाते, म्हणून डिस्कवर मोकळी जागा ठेवा आणि काम चालू असताना मध्येच बंद करू नका.

चौथं, बिघडलेली सूची. फोल्डरवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, रिपेअर फोल्डर. याने मेलना हात लागत नाही, त्यांची अनुक्रमणिका नव्याने बनते. क्लासिक आउटलुकमध्ये याच्या जवळचं काम स्कॅनपीएसटी नावाचं साधन करतं. ते मात्र मूळ फाइलमध्येच दुरुस्ती करतं, म्हणून आधी प्रत काढाच.

पाचवं, निघतानाची कामं. खात्याच्या सर्व्हर सेटिंग्जमध्ये "बंद करताना कचरापेटी रिकामी करा" आणि आयमॅप असेल तर "बंद करताना इनबॉक्स साफ करा" अशा दोन खुणा असतात. नेट हळू असेल तर या काढून टाका, ती कामं दिवसा हाताने करा.

सहावं, प्रोफाइल भलत्या जागी असणं. कोणीतरी "बॅकअप आपोआप होईल" म्हणून तो गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हसारख्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवतं. मग एकाच फाइलवर दोघांची ओढाताण होते. प्रोफाइल कॉम्प्युटरच्या स्वतःच्या डिस्कवरच ठेवा, आणि बॅकअप वेगळा घ्या.

काढून परत टाकू का?

हा प्रश्न सगळेच विचारतात. प्रोग्रॅम काढला तरी प्रोफाइल सहसा जागेवर राहतो. म्हणजे परत टाकल्यावर तीच सेटिंग्ज, तेच ॲड-ऑन, तीच अवजड फाइल. तास गेला, हाती काही नाही. आणि "सगळंच साफ करू" म्हणून प्रोफाइलही उडवला, तर पॉपवाल्यांच्या मेल कायमच्या जातात. आयमॅपवाल्यांच्या मेल सर्व्हरवरून परत येतील, पण "लोकल फोल्डर्स"मध्ये हलवलेल्या येणार नाहीत.

इचलकरंजीच्या मुलाने आधी बॅकअप घेतला. मग वाय-फाय बंद करून बघितलं, फरक नाही. ॲड-ऑन बंद करून बघितले, फरक नाही. टास्क मॅनेजरमध्ये मात्र मेलच्या बरोबरीने अँटिव्हायरसचे डिस्कचे आकडे चढलेले दिसले. सगळा व्यवहार एकाच इनबॉक्समध्ये साठला होता. त्याने वर्षावर्षाचे फोल्डर केले, कॉम्पॅक्ट केलं, आणि मग मेलचा फोल्डर तपासणीतून वगळला. आता प्रोग्रॅम अर्ध्या मिनिटात बंद होतो.

आणि त्या परत येणाऱ्या मेल? ते कोडं तुम्ही आता स्वतःच सोडवू शकता. वीज तोडली, म्हणून सर्व्हरला "क्विट" कधी ऐकूच आलं नाही. त्याने नियमाप्रमाणे काही पुसलं नाही. आणि कुठल्या मेल उतरवून झाल्या याची नोंदही प्रोग्रॅमला लिहिता आली नाही. म्हणून सकाळी दोघांनी मिळून तेच काम पुन्हा केलं.

त्याने बाबांसाठी मॉनिटरवर एक चिठ्ठी चिकटवली आहे: "आधी आउटबॉक्स बघा, मग बंद करा, मग पाच मिनिटं चहा." मला वाटतं आजच्या सगळ्या एपिसोडचं सार त्यात आलं.

तुमच्या ऑफिसात किंवा घरी असा अडकणारा प्रोग्रॅम असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा. खातं पॉपचं आहे की आयमॅपचं आणि टास्क मॅनेजरमध्ये काय दिसलं, एवढं आठवणीने सांगा. त्यावरून अर्धं उत्तर तिथेच मिळतं. भेटू पुढच्या भागात. तोवर बॅकअप घ्या, आणि काळजी घ्या!